हवाबंद डब्यातील मासळी व ताजी मासळी : पोषणदृष्ट्या तुलना

मासळी हा उत्तम प्रतीच्या प्रथिनांचा आहार होय. परंतु किनाऱ्यापासून दूरच्या अनेक गावी ती आठवडी बाजाराच्या दिवशीच दृष्टीस पडते, आणि तीही पुष्कळदा शिळी असते. हवाबंद डब्यातील तारली, बांगडा व कुपा ही मासळी आता शहरांतील दुकानांत मिळते. तेव्हा "डब्यातल्या मासळीत सत्त्व उरते काय?" असा प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना विचारला जाणे साहजिक आहे. ताजी मासळी तेवढी सकस व डब्यातील निःसत्त्व, ही समजूत बरोबर नाही. ती का बरोबर नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

डब्यात मासळी कशी टिकते

मासळीचे डोके व आतडी काढून ती तेल, मिठाचे पाणी किंवा टोमॅटोचा रस यांसह डब्यात भरतात. डबा घट्ट बंद करून दाबाखालील वाफेत सुमारे ११५ ते १२१ अंश सेल्सियस उष्णता देतात. या उष्णतेने नासविणारे व विषोत्पादक जंतू मरतात, आणि डबा अभंग असेतो नवे जंतू आत शिरत नाहीत. म्हणजेच डब्यातील मासळी ही पूर्ण शिजलेली मासळी असते.

काय टिकते, काय घटते

प्रथिने : १०० ग्रॅम ताज्या तारलीत सुमारे १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात, तर डब्यातील, तेल निथळलेल्या तारलीत सुमारे २४ ग्रॅम असतात. यावरून डब्यात प्रथिने वाढतात असे समजू नये. शिजताना मासळीतील पाणी सुटते व तेवढ्याच वजनात घन भाग अधिक येतो, इतकेच. घरी शिजविलेल्या ताज्या मासळीशी तुलना केल्यास फरक फारसा राहत नाही.

कॅल्शियम : येथे डबा सरस ठरतो. उष्णतेने तारलीचे काटे मऊ होऊन खाता येतात व १०० ग्रॅममधून सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. तेवढ्याच गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. मात्र काटे काढून टाकल्यास हा लाभ नाहीसा होतो. कुप्याच्या डब्यात काटे नसतात. त्यामुळे त्यापासून ही अपेक्षा करू नये.

जीवनसत्त्वे : 'ड' व 'ब-१२' बहुतांशी टिकतात. 'ब-१' उष्णतेने बरेच नष्ट होते, व 'ब' वर्गातील काही अंश पाण्यात उतरतो. म्हणून डब्यातील रस फेकून न देता कालवणात घालावा. मात्र रस खारट असल्यास कालवणात वेगळे मीठ घालू नये. रक्तदाबाच्या रोग्याने रस निथळून टाकावा.

शिळ्या मासळीचा धोका

बांगडा, तारली व कुपा बर्फाविना राहिल्यास त्यांत हिस्टामीन नावाचा अपायकारक पदार्थ तयार होतो. त्याने अंगावर लाली, डोकेदुखी व उलट्या होतात. तो शिजविल्याने नष्ट होत नाही. मसाला अधिक घातल्याने वास झाकला जाईल, दोष जाणार नाही. सबब ताजी मासळी घेताना डोळे चकचकीत व फुगीर, कल्ले लाल आणि मांस बोटाने दाबल्यावर पूर्ववत होणारे आहे, हे पाहावे. वाहतुकीत मासळीच्या वजनाइतका बर्फ वापरावा.

शेतकऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. गावच्या तळ्यातील किंवा शेततळ्यातील रोहू, कटला त्याच दिवशी मिळत असल्यास डब्यावर पैसा खर्चू नये.

२. ताजी मासळी विश्वासाने मिळत नसल्यास शिळीपेक्षा डबा निश्चित श्रेयस्कर.

३. किंमत ताडताना डब्याचे एकूण वजन न धरता निथळलेले वजन पाहावे. अन्यथा तेलापाण्याचे दाम मासळीच्या भावाने मोजले जातात.

४. फुगलेला, गळका, शिवणीवर चेपलेला किंवा मुदत संपलेला डबा घेऊ नये. उघडताना फसफसल्यास तो चाखूनही न पाहता, माणसे व जनावरे यांच्या हाती लागणार नाही असा टाकून द्यावा.

५. उघडलेली मासळी काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावी व त्याच दिवशी संपवावी.

६. घरच्या घरी मासळी डबाबंद करण्याचा प्रयत्न करू नये. उष्णता अपुरी पडल्यास बंद डब्यात प्राणघातक विष उत्पन्न होते, व ते वासावरून ओळखता येईलच असे नाही.

वाढती मुले, गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता यांना प्रथिने व कॅल्शियम यांची गरज अधिक असते. मासळी खाणाऱ्या कुटुंबात ती प्रथम त्यांच्या ताटात पडावी. ती ताजी की डब्यातील, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.