न दुखणारें दुखणें

दांत ठणकूं लागला म्हणजे मनुष्य वैद्याकडे धांव घेतो. परंतु जें दुखतच नाहीं त्याची दखल कोण घेणार? रक्तांतील कोलेस्टेरॉलचा बिघाड असाच मुका असतो.

विद्यार्थिमित्रहो, कोलेस्टेरॉल हें मुळांत विष नव्हे. पेशींचीं आवरणें व पित्त घडविण्यास तें अवश्य असून त्याचा बराच भाग आपलें यकृतच तयार करतें. रक्तांतून तें वाहून नेणाऱ्या कणांपैकीं एलडीएल कण वाढले म्हणजे मेद रोहिणींच्या भिंतींत सांचून रक्ताची वाट अरुंद होते. एचडीएल कण जादा मेद यकृताकडे परत नेतात. पहिल्यांची वाढ व दुसऱ्यांची तूट हे दोन्ही बिघाडच होत. ट्रायग्लिसराइड नांवाचा मेद वाढणें हा तिसरा.

हा बिघाड किती जणांत आढळतो? महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड व चंदीगड येथील वीस वर्षांवरील लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. शंभरांतील सुमारें ७९ जणांत एक तरी बिघाड होता! एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले सुमारें १४ च, पण एचडीएल कमी असलेले ७२ होते. म्हणून एकच आंकडा पाहून निश्चिंत होऊं नये.

उपाय घरापासून सुरू होतात. तूप, वनस्पति तूप व तळलेले पदार्थ बेतानें खावे, डाळी, भाज्या व फळें वाढवावीं, तंबाखू सोडावी, रोज अर्धा तास झपझप चालावें. एवढ्यानें न भागल्यास डॉक्टर स्टॅटिन वर्गाचें औषध देतात. या वर्गांतील पहिला पदार्थ जपानी संशोधक अकिरा एंडो यांनीं १९७३ च्या सुमारास बुरशीपासून मिळविला. हीं औषधें यकृतांतील कोलेस्टेरॉलची निर्मिति मंदावतात.

येथें आमचीच चूक सांगणें प्राप्त आहे. चाळिशीनंतर आमच्या रक्तांत एलडीएल बरेंच वाढलेलें आढळलें. औषधानें तें उतरलें. तेव्हां "आतां बरे झालों" असें समजून आम्हीं गोळी परस्पर बंद केली. सहा महिन्यांनीं पाहतों तों आंकडा पुन्हां पूर्वपदावर! वर्गांत आम्ही ज्यास निष्काळजीपणा म्हणतों, तोच आमच्या हातून घडला होता. औषधानें बिघाड आटोक्यांत राहतो, समूळ जात नाहीं. तें थांबवावयाचें कीं नाहीं हें डॉक्टरांनींच ठरवावें.

पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, त्यांनीं दुखण्याची वाट न पाहतां रक्त तपासून घ्यावें. घराण्यांत कोणास तरुणपणींच हृदयविकार झाला असल्यास मुलांविषयींहि डॉक्टरांस विचारावें; कारण हा दोष कधीं कधीं जन्मतःच येतो. आणि मुलांनो, प्रगतिपुस्तकावर सही घेतेवेळीं तुम्हींहि विचारा: "बाबा, आई, तुमचें रक्त तपासलेंत का?"