औषधी बाग : उन्हाळ्यात वाढवू नका, जगवा

होळी झाली की आपल्या झाडीपट्टीत ऊन तापू लागते आणि मे महिन्यात गोंदियाचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. अंगणात तुळस, कुंपणाला अडुळसा, कडुनिंबावर चढलेली गुळवेल, न्हाणीजवळ वेखंड आणि पुदिना, अशी चार-सहा औषधी झाडे आपल्याकडे पुष्कळ घरांच्या सांदवाडीत असतात. पावसाळ्यात ती न सांगता वाढतात. परंतु नवतपा संपेपर्यंत त्यांतील निम्मी वाळून जातात, आणि जुलैमध्ये घरात खोकला-पडसे सुरू झाले की अडुळशाच्या पानासाठी शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागते. आजच्या सदरात या बागेची उन्हाळी निगा कशी राखावी आणि त्या काळात तिचा वापर कसा करावा, हे पाहू.

सुरुवातीलाच एक सूत्र लक्षात ठेवावे. उन्हाळा हा औषधी बाग वाढवण्याचा काळ नाही, जगवण्याचा आहे. खत घालणे, छाटणी करणे, नवी रोपे लावणे ही कामे मृगाचा पाऊस पडेपर्यंत बाजूला ठेवावीत. मे महिन्यात युरिया किंवा ताजे शेणखत घातले तर कोवळी पालवी फुटते आणि तीच उन्हाने आधी करपते.

झाड का वाळते?

पानांतून सतत पाणी वाफ होऊन जात असते. दुपारी गरम वारे सुटले म्हणजे पाने जितके पाणी गमावतात तितके मुळे ओढू शकत नाहीत, म्हणून झाड मान टाकते. अशा वेळी घाबरून भर दुपारी बादली ओतू नये. संध्याकाळी झाड आपोआप ताठ झाले तर त्याला तहान नव्हती, ते फक्त उन्हाने दमले होते असे समजावे. सकाळी सहा वाजताही पाने लोंबलेली दिसली तर मात्र झाडाला पाणी हवे. तरीही शंका असेल तर बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावीत. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. उन्हाळ्यात झाडे तहानेने मरतात तशी मुळे कुजूनही मरतात.

पाणी : केव्हा आणि कसे

पाणी सकाळी सातच्या आत किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. गच्चीवरील प्लॅस्टिकच्या टाकीतले आणि उन्हात पडलेल्या नळीतले पाणी दुपारी हात भाजण्याइतके तापते. ते थेट मुळांवर गेले तर बारीक मुळ्या मरतात. म्हणून नळीतले पहिले गरम पाणी बादलीत काढून निवू द्यावे, मग झाडांना घालावे.

जमीन पाहून पाणी ठरवावे. बर्डी जमिनीत पाणी थांबत नाही. तिथे थोडे थोडे परंतु लवकर लवकर द्यावे. कन्हार जमीन पाणी धरून ठेवते, पण वाळली की तिला भेगा पडतात आणि त्यांतून खालची ओल निघून जाते. तिथे खुरप्याने वरची दोन बोटे माती मोकळी करून भेगा बुजवाव्यात आणि आळे भरून चार-पाच दिवसांनी एकदा पाणी द्यावे.

विहिरीने तळ गाठला असेल तर मडक्याचा उपाय करावा. कुंभाराकडून पाच-सात लिटरचे, रंग न दिलेले मातीचे मडके आणून झाडापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंड झाकावे. मडक्यातून पाझरणारी ओल मुळे आपल्या गरजेप्रमाणे घेतात. साधारण तीन-चार दिवसांनी मडके पुन्हा भरावे लागते. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती बांधतात, तिचे तत्त्वही थेंबाथेंबाचेच आहे. तुळशीवृंदावनावर लहानशी गळती बांधली तर तांब्याभर पाण्यात तुळशीचे भागते.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी बागेला अवश्य घालावे. साबणाचे किंवा कपड्यांच्या पावडरीचे पाणी मात्र ज्या झाडाचे पान पोटात जाते त्याला घालू नये.

तणस आणि मांडव

आपला जिल्हा धानाचा. तणस घरोघरी असते. मुळाभोवती दोन-तीन इंच जाडीचा तणसाचा थर पसरला तर माती निवलेली राहते आणि पाणी पुष्कळ कमी लागते. हा थर खोडाला चिकटवू नये, दोन बोटे जागा मोकळी सोडावी. तणसाला उधई लागते, म्हणून आठवड्यातून एकदा थर उचलून पाहावा. घराच्या भिंतीला लागून तणस पसरू नये. त्या गारव्याला विंचू-साप येतात. थर उचलताना उघडा हात न घालता काठी वापरावी.

दुपारच्या उन्हासाठी पश्चिम बाजूस तुऱ्हाटीचा आडोसा किंवा वर हिरवी जाळी बांधावी. झाडाला प्रकाश हवा असतो, त्यामुळे अर्धे ऊन अडवणारी जाळी पुरेशी होते. कुंड्या सिमेंटच्या गच्चीवर थेट ठेवू नयेत. खाली विटा किंवा फळी घालावी आणि सर्व कुंड्या एकमेकींना लावून ठेवाव्यात. काळ्या पिशवीतील रोपे तर पिशवीसकट ओल्या मातीत अर्धी पुरावीत.

कोणत्या झाडाला काय?

*तुळस :* मंजिऱ्या बी धरू लागल्या की झाडाची शक्ती त्यात जाते आणि ते लवकर वठते. बियाण्यापुरत्या दोन-तीन ठेवून बाकीच्या खुडाव्यात. पानांखाली बारीक कोळी किंवा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा.

*गुळवेल :* उन्हाळ्यात तिची पाने झडतात. वेल मेली असे समजून पुष्कळजण ती तोडून टाकतात. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर वेल जिवंत आहे. तिला फारसे पाणी लागत नाही.

*कोरफड :* कडक उन्हात पाने तांबूस होतात. तो रोग नव्हे. कुंडी सावलीत सरकवावी आणि पाणी आठ-दहा दिवसांनीच द्यावे. कोरफडीला रोज पाणी घातले तर ती मुळाशी सडते.

*अडुळसा :* बागेतील सर्वांत चिवट झाड. पाने कडू असल्याने शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत. आठवड्याला एकदा भरपूर पाणी पुरते.

*गवती चहा :* वाळलेली पाती काढून बुंध्याला माती चढवावी आणि दोन-तीन दिवसांनी पाणी द्यावे. ठोंब फोडून नवी लावणी पावसाळ्यातच करावी.

*पुदिना, ब्राह्मी, वेखंड :* ही ओलीत राहणारी झाडे. नळाखाली किंवा न्हाणीच्या सावलीकडच्या बाजूला, साबणाचे पाणी पोचणार नाही अशा जागी ठेवावीत. यांना मात्र रोज पाणी हवे.

*शतावरी, सफेद मुसळी :* यांचा साठा जमिनीखाली असतो. मुसळीची पाने आधीच वाळून गेलेली असतात आणि कंद पावसाळ्यापर्यंत झोपलेला असतो. त्या वाफ्याला पाणी देत राहिल्यास कंद कुजतात. शतावरी वरून पिवळी पडली तरी उपटू नये.

तोडणी आणि वापर

या दिवसांत पाने अगदी गरजेपुरती घ्यावीत. आधीच ताण सोसणाऱ्या झाडाची पालवी ओरबाडली तर ते सावरत नाही. किडीसाठी रासायनिक औषध औषधी झाडांवर मारू नये. ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारावी. फवारल्यावर काही दिवस पाने वापरू नयेत आणि पुढेही धुऊनच घ्यावीत.

घरचे आहे म्हणून निर्धोक आहे, हा समज सोडावा. करोनाच्या काळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत, मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झालेली आढळली. हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची नीट तपासणी झाली नव्हती, असे म्हटले. वाद बाजूला ठेवला तरी आपल्यासाठी धडा स्पष्ट आहे. वेलीची ओळख जाणकाराकडून पटवून घ्यावी, महिनोन्महिने काढा पिऊ नये, आणि ज्यांना यकृताचा आजार आहे किंवा ज्यांची मधुमेहाची औषधे चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीक जुलाब करतो. पान कापून उभे ठेवावे, चीक गळू द्यावा आणि आतला गरच घ्यावा. गरोदर स्त्रियांनी कोरफड आणि अडुळसा पोटात घेऊ नये. वेखंड उगाळून तान्ह्या बाळाला चाटवण्याची चाल आहे, ती बंद करावी. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूधच पुरेसे असते.

आणखी एक गोष्ट. पुदिन्याचे सरबत किंवा कैरीचे पन्हे उन्हातून आल्यावर चांगलेच, पण ऊन लागलेल्या माणसाचा तो इलाज नव्हे. अंग तापून माणूस बरळू लागला, शुद्ध हरपू लागली तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि ताबडतोब १०८ क्रमांकाला फोन करून दवाखान्यात हलवावे. तिथे झाडपाल्यात घालवलेला अर्धा तास जिवावर बेततो.

पाणी साचू देऊ नका

पाणीटंचाईत आपण रांजण, टाकी, बादल्या भरून ठेवतो, कुंड्यांखाली ताटल्या ठेवतो. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. भांडी रिकामी करून आतून घासावीत, ताटल्या काढून टाकाव्यात, पुरलेल्या मडक्यांची तोंडे फडके बांधून झाकावीत.

पावसाची वाट पाहताना

जूनमध्ये कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्या पडतात. त्या वेचून, गर धुऊन सावलीत वाळवाव्यात, वर्षभराची सोय होते. नव्या लावणीसाठी फूट-दीड फूट खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावेत. चांगला पाऊस झाला की त्यात कुजलेले शेणखत घालून गुळवेलीच्या, अडुळशाच्या काड्या लावाव्यात. रोपे व सल्ल्यासाठी हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या रोपवाटिकेत चौकशी करावी. नवेगाव-नागझिऱ्याच्या संरक्षित जंगलातून मात्र काहीही उपटून आणू नये. तो कायद्याने गुन्हा आहे आणि मुळासकट उपटलेले रानातले झाड अंगणात सहसा जगतही नाही.

पहाटेचे दोन तांबे पाणी, मूठभर तणस आणि पश्चिमेला थोडा आडोसा, एवढ्यावर आपली बाग नवतपा पार करते. श्रावणातल्या खोकल्याच्या अडुळशाची तजवीज वैशाखातच करावी लागते.