टाकींतलें पाणी आणि संकेतस्थळाची स्मृति

मीरा-भाईंदरांत वाढलेल्या मुलास टाकीचें महत्त्व निराळें शिकवावें लागत नाहीं. शहाड-टेमघर येथून व औद्योगिक विकास महामंडळाच्या वाहिनीनें येणारें आपलें पाणी कित्येक कोस चालून येतें, आणि तेंही ठराविक वेळींच. म्हणून इमारतीच्या तळाशीं हौद असतो, गच्चीवर टाकी असते आणि स्वयंपाकघरांत माठ असतो. तहान लागली म्हणजे कोणी उल्हास नदीकडे धांव घेत नाहीं. माठांत पेला बुडवितो. संकेतस्थळ जलद करण्याची जी युक्ति आज सांगावयाची आहे, ती हीच.

तुम्हीं एखादें पृष्ठ मागितलें म्हणजे तें तेथें तयार करून ठेविलेलें असतेंच असें नाहीं. दूरवर चालू असलेला संगणक, ज्यास सर्व्हर म्हणतात, तो त्या क्षणीं तें रचूं लागतो. प्रोग्राम उघडावा, डेटाबेस नांवाच्या कोठारास कधीं दहा तर कधीं पन्नास प्रश्न विचारावे, उत्तरें जुळवावीं, आणि पृष्ठ धाडून दिल्यावर सारें विसरून जावें, असा त्याचा क्रम. पाठोपाठ दुसऱ्यानें तेंच पृष्ठ मागितलें तर पुन्हां पहिल्यापासून तोच खटाटोप! तो टळावा म्हणून एकदां तयार झालेलें उत्तर संगणकाच्या जलद स्मृतींत, म्हणजे रॅममध्यें, कांहीं काळ ठेवितात. ही स्मृति किती जलद असते? तिच्या एका वाचनास एक सेकंद लागतो अशी कल्पना केली, तर फिरत्या तबकडीवरून तेंच वाचण्यास सुमारें अठ्ठावीस तास लागतील. आजच्या न फिरणाऱ्या तबकड्या पुष्कळ चपळ आहेत, तरी स्मृतीची बरोबरी त्यांना करतां येत नाहीं.

अशा हाताशीं ठेविलेल्या सांठ्यास ‘कॅश’ म्हणतात. रोकडीशीं तिचा संबंध नाहीं. लपविणें या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून हें नांव आलें. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनीं लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठीं २००३ सालीं ‘मेमकॅशडी’ हा प्रोग्राम रचला, आणि २००९ सालीं साल्वातोरे सानफिलिप्पो यांचा ‘रेडिस’ आला. आज या कामीं हे दोन प्रोग्राम विशेष वापरांत आहेत.

हा प्रश्न केवळ सोयीचा आहे असें मात्र समजूं नये. १६ जुलै २०२१ रोजीं दुपारीं एक वाजतां दहावीचा निकाल लागावयाचा होता. लाखो मुलें व त्यांचे पालक एकाच घटकेस संकेतस्थळांवर आले, आणि तीं बंद पडलीं; कित्येकांना तासन्‌तास ताटकळावें लागलें. आतां थोडें गणित करूं. निकालाचें पान प्रत्येकाचें निराळें, पण जाहीर झाल्यावर तें सहसा बदलत नाहीं. एका विद्यार्थ्याचें नांव, विषय व गुण यांस एक किलोबाइट जागा धरली, तर पंधरा लाख विद्यार्थ्यांस सुमारें दीड गिगाबाइट पुरेल. म्हणजे अवघ्या महाराष्ट्राचा निकाल एका साध्या मोबाइलच्या स्मृतींत मावूं शकेल! तो आधींच स्मृतींत मांडून ठेविला, तर प्रत्येक मुलासाठीं कोठाराचें कुलूप काढावें लागणार नाहीं. अर्थात् नळच अरुंद असेल, तर टाकी भरलेली असून उपयोग नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

आपल्या शाळेसारख्या संस्थेला संकेतस्थळासाठीं जागा भाड्यानें घ्यावी लागते, आणि कोणती युक्ति चालेल तें त्या जागेवर ठरतें. सर्वांत स्वस्त ती सामायिक योजना. ती चाळींतल्या खोलीसारखी. एकाच सर्व्हरवर शेंकडों बिऱ्हाडें नांदतात, आणि गच्चीवर स्वतःची टाकी बसविण्याची परवानगी बहुधा नसते. तेथें माठावर भागवावें : तयार पृष्ठ फाइलीच्या रूपानें तबकडीवर ठेवावें. स्मृतीइतकें तें जलद नव्हे, पण पृष्ठ रचण्याचा सारा खटाटोप वाचतो, आणि माझ्या मतें लहान शाळेस एवढें पुरतें. पृष्ठ मंद उघडतें म्हणून तडकाफडकी महागडी योजना घेणें म्हणजे माठ न भरतांच नळास दोष देणें होय.

दुसरी योजना आभासी खाजगी सर्व्हरची. ती स्वतःच्या सदनिकेसारखी. येथें टाकी बसवितां येते, पण स्लॅब किती भार सोशील तें पाहावें लागतें. समजा, एकूण स्मृति एक गिगाबाइट आहे. तींतच डेटाबेस, प्रोग्राम व खुद्द संगणकाची व्यवस्था यांना राहावयाचें असतें. हौसेनें सातशें मेगाबाइट कॅशला दिले, तर उरलेलीं मंडळी जागेअभावीं तबकडीचा आश्रय घेतात आणि संकेतस्थळ पूर्वीपेक्षां मंद होतें; कधीं तर जागा मोकळी करण्यासाठीं संगणक डेटाबेसलाच बंद करितो. मेमकॅशडी आपण होऊन चौसष्ट मेगाबाइटांवर थांबतो. रेडिसला मात्र मर्यादा घालून द्यावी लागते, व जागा भरल्यावर फार दिवस न लागलेल्या वस्तु टाकून दे, असेंही सांगावें लागतें.

स्वतंत्र सर्व्हर हा बंगलाच; तेथें जागेची अडचण क्वचित्. मोठीं संकेतस्थळें अनेक सर्व्हरांवर चालतात, आणि प्रत्येकाचा सांठा वेगळा राहिल्यास एक सर्व्हर नवी बातमी दाखवितो तर दुसरा जुनी. म्हणून ते सर्वांमध्यें मिळून एकच टाकी ठेवितात.

सांठविलेलें पाणी शिळें होतें, ही यांतली खरी अडचण. जुलैच्या मुसळधार पावसांत पहाटे पांच वाजतां शाळेनें सुटीची सूचना घातली, पण सांठ्याची मुदत बारा तासांची असली, तर पालकांस रात्रींचेंच पान दिसेल आणि मुलें तुंबलेल्या रस्त्यांतून शाळेकडे निघतील. म्हणून सूचनांच्या पानाची मुदत एखाद्या मिनिटाचीच असावी, किंवा नवी सूचना पडतांच जुनें पान आपोआप टाकून दिलें जावें. ज्या पानावर एखाद्याचें नांव, गुण अथवा शुल्काचा हिशेब आहे, तें तर सर्वांच्या टाकींत कधींच पडूं नये. २०१५ च्या नाताळच्या दिवशीं स्टीम या खेळांच्या संकेतस्थळावर अशाच चुकीनें कित्येकांना परक्यांच्या खात्यांचीं पानें दिसलीं. टाकीस झांकणही हवें : उघड्यावर टाकलेल्या मेमकॅशडी सर्व्हरांचा दुरुपयोग करून फेब्रुवारी २०१८ मध्यें गिटहब या संकेतस्थळावर प्रचंड मारा करण्यांत आला होता.

आतां संगणकाच्या खोलींत एक प्रयोग करा. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून शाळेच्या संकेतस्थळाचें फारसें कोणी न उघडणारें एखादें जुनें पान मागवा आणि लागलेला वेळ टिपून ठेवा. ती खिडकी बंद करून नवी खाजगी खिडकी उघडा व तेंच पान पुन्हां मागवा. खिडकी बदलण्याचें कारण असें कीं, ब्राउझरही स्वतःचा माठ भरून ठेवितो, आणि आपल्याला पाहावयाची आहे ती गच्चीवरची टाकी.