माळ, नकाशा आणि गायरान

एखाद्या भूमीस कोणते नाव द्यावे, हे ती किती उंचीवरून पाहिली जाते यावर पुष्कळसे अवलंबून असते. 1988 साली रॉजर्स व पनवार या संशोधकांनी भारताचे 10 जैवभौगोलिक विभाग पाडले. त्यांतील दख्खन द्वीपकल्प या एकाच विभागात सोलापूरचा उघडा माळ आणि चंद्रपूरचे सागवन एकत्र आले. पुढे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने माती, पाऊस व पिकांच्या वाढीचा काळ पाहून देशाचे 20 प्रदेश व 60 उपप्रदेश केले; तेथे हे दोन्ही जिल्हे वेगळे झाले.

आता प्रत्यक्ष माळावर उतरू. माथ्यावर मुरूम व कुसळी गवत, तर उताराच्या तळाशी खोल काळी माती, मारवेल आणि ज्वारी. हा सारा पालट हाकेच्या अंतरात होतो. उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका पुष्कळदा साडेतेवीस मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांचा असतो. त्याहून लहान ते त्यात विरून जाते. 2000 सालच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात झुडपी जमीन ‘पडीक’ या सदरात गेली.

उलट चूकही घडली. 1979 साली नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य घोषित झाले, ते सुमारे 8,496 चौरस किलोमीटरांचे! त्यात गावे, शेते, वस्त्या सर्वच आले. पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरांवर आणावे लागले.

हा विषय आपल्या समाजास परका नाही. 1959 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तो पडीक सरकारी जमिनीसाठीच. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची पहिली शेती गायरानावर उभी राहिली. ती जमीन निरुपयोगी नव्हती, हे कसणाऱ्यांनी सिद्ध केले; माळ ओसाड नसतो, तेथे माळढोक, लांडगा, चंडोल नांदतात, हे अभ्यासकांनी दाखविले. ‘पडीक’ या एका शब्दाने दोघांवरही अन्याय केला, असे आमचे मत आहे. कोणता तुकडा कसावा व कोणता गवतास राखावा, हे गट क्रमांक दाखविणाऱ्या गावनकाशावरच ठरू शकते.

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलांना आम्ही ती ग्रामपंचायतीत मागून पाहावयास सांगतो, आणि तीत आपल्या माळाची नोंद कोणत्या नावाने आहे, ते उतरवून आणावयास.