एकाकी प्रवाळाचे संगोपन

चंडीगड हे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले शहर. समुद्र तेथून सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ ठेवावयाचे म्हटले, तर प्रथम समुद्रच घरात निर्माण करावा लागेल. त्यासाठी काय काय करावे लागते हे पाहिले, म्हणजे या प्राण्याच्या जीवनाची कल्पना येते.

प्रवाळ ही वनस्पती नव्हे किंवा खडकही नव्हे. तो प्राणी आहे. बहुतेक कठीण प्रवाळांत असंख्य लहान प्राणी एकत्र राहून वसाहत बांधतात. फंजिया नावाचे प्रवाळ मात्र एकाकी असते. त्याच्या वाटोळ्या, चुनखडीच्या सांगाड्यावर एकच प्राणी राहतो व मध्यभागी सामान्यतः एकच तोंड असते. सांगाड्यावरील पातळ पडदे अळंबीच्या छत्रीखालील पडद्यांची आठवण करून देतात. बाल्यावस्थेत ते देठाने खडकाला चिकटलेले असते. पुढे देठापासून सुटून वाळूवर मोकळे पडते. म्हणून टाकीतही त्याची जागा तळच्या वाळूवरच असावी. उंच दगडावरून ते घसरले, तर त्याचे कोमल अंग स्वतःच्याच सांगाड्याच्या धारेने फाटते.

त्याच्या शरीरात सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. शिवाय प्रवाळ आपल्या स्पर्शकांनी बारीक जीव पकडते. तेव्हा त्याला पुरेसा प्रकाश, पाण्याचा मंद प्रवाह आणि अधूनमधून कोळंबीचे बारीक तुकडे द्यावे लागतात.

नळाचे पाणी चालत नाही. त्यात क्लोरीन असते. शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री क्षार मिसळून दर किलोग्रॅम पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार राहतील असे पाहावे लागते. सांगाडा वाढताना पाण्यातील कॅल्शियम खर्ची पडते. म्हणून ते वारंवार मोजून लिटरला सुमारे 420 मिलिग्रॅमपर्यंत राखावे लागते. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषध मात्र प्रवाळाला मारक ठरते.

सर्वांत अवघड काम तापमानाचे. पाणी 24 ते 27 अंश सेल्सियस राहणे इष्ट असते. चंडीगडच्या उन्हाळ्यात हवेचा पारा 40 अंशांवर चढतो व हिवाळ्याच्या रात्री बराच खाली येतो. पाणी फार दिवस तापले, तर प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. यास विरंजन म्हणतात. ते लांबले, तर प्रवाळ उपासमारीने मरते.

मग असे प्रवाळ समुद्रातून आणावे काय? मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली सर्व कठीण प्रवाळांचा समावेश झाला आहे. भारतीय समुद्रातून ती काढणे व त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे.

या निर्बंधाचे कारण टाकीच्या उदाहरणावरून सहज ध्यानात येते. लक्षद्वीपच्या समुद्रात 1998, 2010 व 2016 साली पाणी तापून प्रवाळांचे मोठे विरंजन झाले. टाकीचे पाणी यंत्राने थंड करता येते. समुद्रासाठी तसे यंत्र नाही.