तिचे शब्द तिचेच राहोत

गुलामगिरी म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. महात्मा फुल्यांना मात्र त्याच वेळी आपला समाजही दिसला. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. म्हणूनच या दोन देशांतील दोन स्त्रियांचा एकत्र विचार करणे मला अप्रस्तुत वाटत नाही.

पहिली सोजर्नर ट्रुथ. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेली ही स्त्री १८२६ मध्ये तान्ह्या मुलीला घेऊन मालकाच्या घरातून निघून गेली. पुढे गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी ती गावोगाव बोलली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १८५१ मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन येथे तिने केलेले भाषण त्याच वर्षी एका वृत्तपत्रात आले. १८६३ मध्ये फ्रान्सिस गेज या बाईंनी ते पुन्हा लिहिले. त्यात त्यांनी दक्षिणेकडील गुलामांची बोली घातली आणि ‘मी बाई नव्हे का?’ या अर्थाचा प्रश्न वारंवार आणला. वास्तविक ट्रुथ लहानपणी डच भाषा बोलत असे! तरीही जगाने लक्षात ठेवले ते हे दुसरे भाषण.

दुसरी मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मातंग समाजातील या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल तिने त्यात मांडले. लेखणी तिच्याच हाती होती, म्हणून ते शब्द आजही तिचेच आहेत. पुढील आयुष्य मात्र इतिहासाने नोंदवले नाही.

यावरून मला असे वाटते की, वारसा जपणे म्हणजे केवळ पुतळा किंवा जयंती नव्हे. कोण बोलले, कोणी लिहून घेतले, केव्हा घेतले, हे सांभाळणे म्हणजे वारसा जपणे. आपल्या हातकणंगले तालुक्यातील माणगावी २१ व २२ मार्च १९२० रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. राजर्षी शाहू महाराज तेथे उपस्थित होते. नेत्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. पण त्या काळातील घराघरांतल्या बायांचे काय? ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. तो मार्ग आपल्यालाही मोकळा आहे.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. आजी अंगठा उठवते. तिचे बोलणे लिहू लागले की ते ‘शुद्ध’ करण्याचा मोह होतो. गेजबाईंनी बोली घातली, आपण बोली काढतो. दोन्हीकडे बोलणारीचा आवाज हरवतो.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या सुटीत घरातील एका वृद्ध स्त्रीचे बोलणे तिच्याच बोलीत लिहून घ्या. खाली तिचे नाव, गाव आणि तारीख लिहा. शेवटी तिला ते वाचून दाखवा. ती ‘व्हय, असंच’ म्हणाली, तरच वही मिटा.