भेकासाठी मडक्याचे घर

भेक हा खरखरीत कातडीचा, बेडकाच्या जातीचा प्राणी होय. तो दिवसा ओलसर सावलीत दडून बसतो व रात्री बाहेर पडून मुंग्या, वाळवी, भुंगेरे इत्यादी कीटक खातो. म्हणून परसबागेत त्यास आसरा देणे हितावह ठरते.

याकरिता काठ फुटलेले जुने मडके घ्यावे. बाहेरून गेरू लावून त्यावर पांढऱ्या मातीची नक्षी काढल्यास बागेस शोभा येते. आतून मात्र काहीही लावू नये. भाजीच्या वाफ्यालगत, झाडाच्या सावलीत मडके आडवे ठेवून निम्मे मातीत पुरावे. तोंड उताराकडे असावे, म्हणजे आत पाणी साचत नाही. तळाशी ओलसर माती व पालापाचोळा पसरावा. जवळ उथळ परळात पाणी ठेवून ते रोज बदलावे, अन्यथा डास वाढतात.

भेक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. त्याच वाटेने कीटकनाशकही त्याच्या शरीरात शिरते. सबब, घर मांडल्यावर आसपास औषध फवारू नये. एरवी कीड खाणारा हा सोबतीच प्रथम दगावेल. भेक धरून आणू नये. जागा मानवल्यास तो आपण होऊन येतो.